धुडकू सालदाराचा गोवा

स्वतःच्या जागी मार खायला तुम्ही कधी दुसरा माणूस पाठवला आहे का? लगेच मान हलवू नका. खानदेशातल्या रनाळ्याचे रतिलालभाईसुद्धा ‘नाही’च म्हणतात, आणि शपथेवर म्हणतात.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. कपाशीची निंदणी चालली होती. रनाळ्याच्या चौकात सभा भरली आणि बाहेरगावचा एक वक्ता ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. इंग्रज गेला, फ्रेंच गेला, पण पोर्तुगीज अजून गोव्यात ठाण मांडून बसलाय. पंधरा ऑगस्टला हातात काठीसुद्धा न घेता हद्द ओलांडायची. कोण येतो?

चौक चिडीचूप. पहिल्या रांगेत रतिलालभाई बसलेले. गावात सगळ्यात जास्त कापूस त्यांचा, त्यामुळे शांतता त्यांनाच जास्त टोचली. उठले आणि बोलून गेले, “मन्हा घरना माणूस जाई!” टाळ्या कडाडल्या. कोणीतरी त्यांच्या मुलाच्या, नवलच्या, गळ्यात झेंडूचा हार घातला. नवलचा चेहरा हारापेक्षा पिवळा पडला.

सकाळी नवलला ताप भरला. आई जमनाबाईने त्याला गोधडीत गुंडाळलं आणि नवऱ्याला भरपूर सुनावलं. रतिलालभाई तडक गोठ्यात गेले. तिथे धुडकू बैलांना कडबा टाकत होता. धुडकू भिल, त्यांचा सालदार. म्हणजे वर्षभर एकाच घरी राबायचं अशा बोलीचा गडी. त्याचा बाप याच गोठ्यात राबला आणि याच गोठ्यात मेला.

“धुडकू, गोवाले जासी का?”

“तठे काय शे, मालक?”

“गोरा लोक शेतस. त्यासले हाकलनं शे.”

“आनि बैलं कोन पाही?”

“बैलं मी पाहसू. तू मन्हा घरनाच माणूस ना? जाई ये. आवना का नालावरना तुकडा तुन्हा. सालदारकी सरनी.”

परत आल्यावर मिळणार होता तो नाल्याकाठचा जमिनीचा तुकडा म्हणजे पूर्वी नुसता खडक. त्यातले दगड धुडकूनेच वेचून बांधाला लावले होते. जमीन तयार झाली धुडकूच्या हाताने, आणि मालकी रतिलालभाईंची. त्या तुकड्यासाठी तो गोव्याला काय, लंकेलाही गेला असता. त्याची बायको दिवलीबाई एवढंच म्हणाली, “तुकडा देना व्हता त आठेच देता. गोवा कसाले पाहिजे?” धुडकू तिच्यावर खेकसला आणि निघाला.

हद्दीवर लाल चिखल आणि धारांचा पाऊस. जथ्याच्या पुढाऱ्याने प्रत्येकाला नाव विचारलं. धुडकूने सालदार सगळीकडे सांगतो तेच सांगितलं: “रनाळाना, रतिलालभाईना माणूस.” पुढे घोषणा झाल्या, शिट्ट्या झाल्या, गोळ्यांचे आवाज आले. समोरच्या सोजिराने बंदुकीचा दस्ता उलटा धरून त्याच्या उजव्या खांद्यावर हाणला. धुडकू खाली पडला. उठला. पुन्हा हाणला. मग फरफटत आणून अलीकडच्या चिखलात फेकून दिला. खांदा हाडवैद्याने बसवला तो वाकडाच बसला. हात कानाच्या वर कधी गेला नाही.

तो परत आला तेव्हा एसटी स्टँडवर मिरवणूक तयार होती. हार रतिलालभाईंच्या गळ्यात, कारण घर त्यांचं. धुडकू घरापर्यंत मागे मागे चालत आला आणि ओट्यापाशी थांबला.

“मालक, तुकडा?”

ओट्यावर चार पाहुणे चहा पीत होते. रतिलालभाई त्यांच्याकडे बघत म्हणाले, “काय रे, तू कसाकरता गयथा?”

“गोवा सोडाले.”

“सुटना का?”

“नही.”

“मग? काम अर्धं, आनि तुकडा पुरा? गोवा सुटू दे, तुकडा तुन्हाच शे.”

पाहुणे खो खो हसले. धुडकू हसला नाही. त्याने तो शब्द खरा धरला. भिलाची हीच खोड. दिलेल्या शब्दाला दार असतं, ते दुसऱ्या बाजूने उघडता येतं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

तेव्हापासून सबंध रनाळ्यात गोव्याची काळजी करणारा एकच माणूस उरला. शाळेच्या मास्तरांना विचारायचा, शहाद्याहून येणाऱ्या कंडक्टरला विचारायचा, “गोवा सुटना का, भाऊ?” कंडक्टर गाडीतूनच हाळी द्यायचा, “धुडक्या, आज बी नही रे!” आणि अख्खी गाडी हसायची. पोरं त्याला ‘गोवा’च म्हणू लागली. वाकड्या खांद्याचा सालदार दुसरं कोणी ठेवणार नाही, हे मालकाला ठाऊक होतं आणि गड्यालाही. नांगर गेला, शेण आलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं आणि त्याच गोठ्यात पुन्हा सुरू व्हायचं.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात रतिलालभाई सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी बघायला गेले. गाडी धुडकूने हाकली. एका चहाच्या पालात रेडिओ लावलेला. माणसं एकाएकी ओरडली, फेटे उडाले. गोवा सुटला! साडेचारशे वर्षांचं राज्य दीड दिवसात गुंडाळलं गेलं. धुडकूने तीनदा तीन माणसांना विचारून खात्री केली आणि घोड्यांच्या रांगांमधून धावत सुटला. रतिलालभाई एका घोडीचा ओठ वर करून दात बघत होते.

“मालक! गोवा सुटना!”

“बरं व्हयनं.” घोडीच्या तोंडातून त्यांनी नजर काढली नाही.

“आते तुकडा?”

“आरे, आखाजी त येऊ दे! अर्धा सालमा कोन्ही सुटस का?”

हे मात्र रीतीचं होतं. आखाजीला जुनं साल फिटतं. त्या दिवशी सालदार कोणाचाच नसतो. मग ज्याच्या पंगतीला तो खापरावरची पुरणपोळी आणि आमरस जेवेल, त्याचं पुढचं साल. कागद नाही, अंगठा नाही. घास पोटात गेला की बोली पक्की. खानदेशातला बारका पोरगाही हे जाणतो.

आखाजीच्या सकाळी धुडकूने नाल्याकाठी जाऊन तुकड्यातली काटेरी झुडपं उपटली. दिवलीबाईने दुसऱ्याकडून बैलजोडी मागून ठेवली होती. तेवढ्यात नवल स्वतः बांधावर आला. आता त्याला मिशा होत्या आणि खादीची टोपीही.

“धुडकूभाऊ, चाल. आज तुन्हा सत्कार शे. गोवाना वीर तू!”

धुडकूभाऊ! या घरातून ‘भाऊ’ म्हणून हाक त्याने जन्मात ऐकली नव्हती. दिवलीबाई मागून ओरडली, “ओ, जाऊ नका! आज आखाजी शे!” पण हाकेची नशा ताडीपेक्षा वाईट. मांडवात त्याला पाटावर बसवलं, गळ्यात हार घातला, शेजारी सरपंच. भाषणात नवलने सांगितलं की गोव्याच्या लढ्यात आमच्या घराने रक्त सांडलं. मग जमनाबाईने स्वतः ताट वाढलं. चुलीवरून उतरलेली पोळी, वर तुपाची धार, वाटीत रस. सत्काराच्या ताटाला नाही कसं म्हणायचं? सहा वर्षं ज्या खांद्याचं हसं झालं, तोच खांदा आज चार लोकांत मानाने सरपंचाच्या खांद्याला टेकलेला. धुडकू जेवला. पोटभर जेवला.

हात धुतल्यावर तो म्हणाला, “मालक, आते मी तुकडावर जास.”

रतिलालभाईंनी पान लावत त्याच्याकडे पाहिलं. “तू आज कोन्हा घर जेवना?”

सरपंच सुपारी शोधू लागले.

“जेवना ना? मग साल लागनं. सकाये गोठा लवकर झाड.”

धुडकूच्या गळ्यात हार तसाच होता. कोणी एक माणूस, त्या भरल्या मांडवात एक माणूस, म्हणाला नाही की हे सत्काराचं ताट होतं, सालाचं नव्हे. पोर्तुगिजाने निदान समोरून दस्ता हाणला होता. आपल्या माणसांनी तूप वाढून हाणला. दिवलीबाईने मागून आणलेली जोडी संध्याकाळी परत केली. तुकडा पडीक राहिला. आजही पडीक आहे. रतिलालभाईंना त्याची गरजही नाही.

धुडकूने ते साल राबून काढत आणलंय, कारण घास त्याने गिळला होता आणि त्याची जात शब्दाला जागते. पण आता त्याने गावात सांगून ठेवलंय, येत्या आखाजीला तो कोणाच्याच घरी जेवणार नाही. दिवस उजाडताच बायकोसह नाल्याच्या तुकड्यावर बसणार आणि उठणार नाही. रतिलालभाई हसून म्हणतात, उपाशी किती बसेल? हाक मारायला लोक पाठवतील, ताटं पाठवतील, जमलं नाही तर शिपाई पाठवतील. दोनच माणसं असली तर उचलून नेतील.

तेव्हा तुम्ही या. येत्या आखाजीला, सकाळीच, रनाळ्याच्या नाल्यावर. भाषण नको, हार तर अजिबात नको. घरून भाकरी बांधून आणा, दोन जास्तीच्या आणा, आणि त्या बांधावर धुडकू आणि दिवलीबाईच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर खा.