दौंडच्या दुकानात फुटलेली हॉलंडची भिंत

माझा मावसभाऊ कुरकुंभच्या कंपनीत फिटर होता. मशीन बसवायला आलेल्या हॉलंडच्या इंजिनिअरनं जाताना त्याला तिकडच्याच एका रॉक बँडची सीडी दिली, त्यांची पहिलीच. भावानं ती माझ्याकडं ढकलली. "तू पत्रकं लिहितोस, तुलाच कळंल."

सोबत शब्दांची पुस्तिका होती, माझ्याकडं डिक्शनरी. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट निघाली: समुद्राच्या पातळीखाली वसलेलं गाव, पाणी अडवणारी भिंत आणि ती राखणारा एकटा माणूस. शिरूरला आमच्या वस्तीत नळाच्या पाण्यासाठी मोर्चे चालले होते. मी ही गोष्ट सोडतोय होय! रविवारी विहारात सगळ्यांना ऐकवणार, असं जाहीर करून टाकलं. विहारात फक्त टेप होता, म्हणून दौंडच्या रेकॉर्डिंगवाल्या चाचांकडून कॅसेट भरून घेतली.

लावली, तर पहिल्याच गाण्यात गाव बुडालेलं आणि तिसऱ्यात त्याच गावात लग्नाचा नाच! पुस्तिकेत 'भिंत फुटते' म्हणून नोंदलेला नुसत्या वाद्यांचा लांब तुकडा तर गायबच. शनिवारी एसटीनं तडक दौंड गाठलं.

"चाचा, तुम्ही गाव आधीच बुडवलं!"

"कुणाचं गाव, बाबा?"

"या सीडीतलं! गाणी उलटीपालटी केलीत."

"फास्ट गानी पुढं टाकली. समदीच कॅसेट तशी भरतो. पयलं गानं रेंगाळलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं."

"आणि तो लांब तुकडा?"

"त्यात गानारा कुठं हाय? टेप वाया जाती."

मग मी सुटलो. ग्राहकाचा हक्क, कलावंताचा अपमान, काही ठेवलं नाही. चाचांनी चहा संपवला.

"झालं? भाषन झकास हाय. पर लग्नसराई हाय, उद्यापातुर दुसरी भरून व्हनार न्हाई. आन् कॅसेट मधी उलटावी लागंलच. त्यापरीस मानसं हितं आन. सीडी प्लेअर हाय, स्पीकर हायेत."

रविवारी आम्ही दहाबारा जण एसटीनं गेलो. कुणी बाकावर, कुणी पायरीवर. मी गोष्ट सांगितली, चाचांनी सीडी लावली. लांब तुकडा सुरू झाला आणि सवयीनं त्यांचं बोट बटणाकडं गेलं.

"चाचा, हात!" सगळेच ओरडले.

त्यांनी हाताची घडी घातली. व्हायोलिनं, गिटार, ढोल एकदम अंगावर आले आणि दुकानाची काच थरथरली. "फुटली बघ," चाचा हळूच म्हणाले.

शेवटचं गाणं संपलं तसे वस्तीतले आबा उसळले, "एकट्यानंच का राखायची? गावाला पाळी लावता येत नव्हती?"

"पाळी लावली तरी येतंय कोन, आबा?" चाचा म्हणाले.

मग जुंपली. एसटी सुटायची वेळ झाली तरी दोघं हटेनात. मला मधे बोलायला फटच मिळाली नाही. चालतंय. गाव वेळेवर बुडालं होतं, आणि भांडण भिंतीवरूनच चाललं होतं.