बर्फाच्या कारखान्यातली लग्नपत्रिका

मिरकरवाड्यातली मैमुना लग्नपत्रिका टाईप करायची. २००७ साल असेल. नवरा जैनुद्दीन कुवेतला. तिथल्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप त्याने सुट्टीवर येताना आणला होता. बॅटरी पार गेलेली. प्लगमध्ये आहे तोवर लॅपटॉप जिवंत, वायर जरा हलली की काळोख. दुरुस्तीवाला म्हणाला, "भाभी, ह्याची बॅटरी आता कुठे मिळायची नाही." मैमुनाने पिनेला रबर गुंडाळलं, लॅपटॉप भिंतीला लावून ठेवला नि त्याच्यावर मराठी टायपिंग शिकली. नववीत शाळा सुटलेली बाई. पण तिच्या पत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडायची नाही.

मार्गशीर्षात मासळीवाली मथुरा धावत आली. होणारा जावई बोटीवर नोकरीला, त्याची रजा अचानक मंजूर झालेली. लग्न पुढच्याच आठवड्यात. मिरजोळ्याचा छापखानेवाला म्हणाला होता, संध्याकाळपर्यंत मजकूर द्या, उद्या पत्रिका घेऊन जा.

मैमुना टाईप करायला बसली आणि वाड्यातली विजेची डीपी जळली, सगळ्या वस्तीची वीज गेली.

"आता गो?" मथुरा मटकन खाली बसली.

मैमुनाने क्षणभर विचार केला. जेटीवर महिपतचा बर्फाचा कारखाना होता, तिथे जनरेटर होता. पण तिथे सगळे पुरुष, खलाशी नि बोटी हाकणारे तांडेल. त्या बाजूला ती कधी एकटी गेली नव्हती. तिने बुरखा चढवला, लॅपटॉप दुपट्यात गुंडाळला. "चल मथुरा, उठ."

महिपतने दारातल्या दोघींना पाहिलं आणि काही न विचारता टेबलावरची बर्फ फोडायची हत्यारं बाजूला केली. खाली ओली फरशी, म्हणून मैमुनाने पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले. "श्री गणेश प्रसन्न" लिहून झालं, मथुरा दिरांची नावं मानाप्रमाणे सांगू लागली, तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला. विजेचा दाब खाली आला, लॅपटॉप बंद. पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच.

"महिपतभाऊ, जरा वेळ मशीन थांबवता येईल?"

"कसं थांबवू भाभी? बोटी बर्फासाठी खोळंबल्यात."

"मग लावायच्या आधी मला हाक तरी मारा."

तेव्हापासून मशीनवरचा बाबू खटका ओढण्याआधी ओरडायचा, "भाभी, लावतोय!" की मैमुना घाईघाईने सेव्ह करायची. लॅपटॉप विझायचा, ती शांतपणे तो पुन्हा उठवायची. बाहेर ताटकळलेले तांडेलही काचेतून बघू लागले. एकाने तर मथुराला सुनावलं, "धाकट्या दिराचं नाव विसरलीस बघ!"

उन्हं कलायच्या आत पेन ड्राईव्ह घेऊन मथुरा रिक्षात बसली. पत्रिका वेळेवर छापून आल्या, लग्न थाटात झालं. जेवणाच्या पहिल्या पंगतीत मथुराने मैमुनाला हाताला धरून बसवलं.

त्यानंतर वीज गेली की मैमुना सरळ कारखान्याकडे निघायची. तांडेल आपापल्या घरच्या कार्यांचे मजकूर तिथेच सांगू लागले. लेक मनाल फोनवर बापाला कौतुकाने सगळं कळवायची.

पुढच्या उन्हाळ्यात जैनुद्दीन रजेवर आला आणि मासळी घ्यायला जेटीवर गेला. महिपतने त्याला आधी ओळखलंच नाही. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे हो! तुम्ही आमच्या मैमुनाभाभींचे मिस्टर!"

जैनुद्दीन घरभर हेच सांगत हिंडला.