लेंपीच्या भट्टीतले काळे दगड

आमच्या रसायनशास्त्र विभागात जेवण गरम करायला एकच मायक्रोवेव्ह होता आणि तो लेंपी हाकोलाने पळवला. मी वाटाण्याच्या सुपाचा डबा घेऊन उभा, आणि ही बाई ते धूड छातीशी कवटाळून जिना चढतेय.

"लेंपी, माझं सूप!" मी ओरडलो.

"थंड पी, रेआल. पोटाला बरं असतं," ती मागे न बघता म्हणाली.

तेव्हापासून निकेलच्या खाणींच्या या गावात, अख्खा हिवाळा मी थंड सूप प्यायलो. तरी तिच्याबद्दल चांगलंच लिहायला बसलोय, यावरून काय ते समजा.

लेंपीचा बाप खाणीत होता, आई लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाक करायची. पोरगी दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठात शिकली, डॉक्टरेट मिळवली आणि गुमान परत आली, कारण तळ्याकाठच्या घरात आई एकटी होती. आमच्याकडे ती हंगामी अध्यापक म्हणून लागली. हंगामी माणसाला आमच्या मोठ्या भट्टीची पाळी मिळायची नाताळच्या सुट्टीत, तीही कुणी मधे घुसलं नाही तर. ती कधी कुरकुरली नाही. तिने सरळ सुपाचा मायक्रोवेव्ह उचलला.

तिला बनवायचं होतं बेरियम टायटनेट. रेडिओ-टीव्हीच्या पोटातल्या बारक्या भागांना लागणारी पांढरी पूड. दोन पुडी एकत्र खलायच्या, मुशीत, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत, भरायच्या आणि भट्टीत रात्रभर भाजायच्या, ही जुनी रीत. लेंपीने तीच मूस मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि अर्ध्या तासात बाहेर काढली.

"पी हळद अन् हो गोरी!" मी म्हणालो. "असं कुठं होतं होय?"

"तुझ्या यंत्राला विचार की."

माझं यंत्र क्ष-किरणांचं. पुडीत खरंच नवा पदार्थ झालाय की जुन्या दोघी नुसत्या शेजारी बसल्यात, ते त्यावर कळतं. मी हसत हसत पूड लावली आणि माझं हसू मावळलं. पदार्थ झाला होता, आणि भट्टीतल्यापेक्षा सुबक. मी दहा वेळा तिच्याकडून पूड मागवली. दहाही वेळा तेच. त्या दिवसापासून मी तिचा भगत झालो, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

तिने लेख लिहिला. भट्टीला जमत नाही इतक्या लवकर हे होतं, म्हणजे ही नुसती उष्णतेची करामत नव्हे. मायक्रोवेव्हच्या लहरी पुडीत शिरून आणखी काहीतरी करतात, असं तिचं म्हणणं. त्या काळी बरेच जण असं म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणणारे होते डॉक्टर थर्लो. त्यांचं सगळं नाव याच सिद्धांतावर उभं होतं. लेंपीचा लेख छापायला घेतला गेला.

वसंतात तिची नोकरी पक्की व्हायची होती, नाहीतर संपायची होती. संपली असती तर गावात दुसरं विद्यापीठ नाही. आईला तळ्याकाठी एकटं टाकून जायचं किंवा म्हातारीला तिच्या घरातून उपटायचं. निर्णय बाहेरच्या परीक्षकाच्या मतावर होता आणि परीक्षक म्हणून नेमके थर्लोच आले. मला वाटलं, लेंपीचं नशीब उघडलं.

थर्लो आले ते कपाळाला आठी घालून. कोट काढायच्या आधीच म्हणाले, "बाई, तुमची रीत मी माझ्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी, तुमच्यासारख्या पांढऱ्या मुशीत, करून पाहिली. पूड साधी कोमटसुद्धा होत नाही."

"माझ्याकडे रोज होते. बघाच तुम्ही," लेंपी म्हणाली. पायात तिच्या आईने विणलेले लोकरीचे मोजे, टेबलावर वेलची घातलेला गोड पाव, पाहुण्यासाठी. तिने पूड खलली, मूस भरली, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि मुशीभोवती चार काळे दगड मांडले.

"हे काय?" थर्लो म्हणाले.

"दगड."

"ते दिसतंय मला. लेखात कुठे आहेत?"

"लेखात टेबल तरी कुठे आहे, डॉक्टर?"

मला हसू फुटलं. थर्लोंना नाही. पण लेंपीचं खरंच चुकलं नव्हतं, म्हणजे तिच्या दृष्टीने. तिचे आईबाप फिनलंडहून आलेले. तिकडचे लोक घर बांधायच्या आधी सौना, म्हणजे घाम काढायची तापती खोली, बांधतात, आणि सौनात ऊब राहते ती दगडांत. जिथे ऊब टिकवायची तिथे दगड मांडायचे, हे त्यांना पाळण्यात कळतं. आईच्या सौनातले जुने दगड तिने आणले होते आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसे मांडले होते. झाकणाबद्दल कोण लिहितं?

"दगड काढा," थर्लो म्हणाले.

तिने काढले. मायक्रोवेव्ह घरघरत राहिला. अर्ध्या तासाने तिने मूस बाहेर घेतली आणि पुडीत सरळ बोट घातलं. पूड जेमतेम कोमट होती. लेंपीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी चांगलं ओळखतो. मला घाबरवणारं कुतूहल. तिने मूस बाजूला सारली आणि नुसते दगड आत ठेवले. ना पूड, ना काही. थोड्या वेळाने काचेतून बघितलं तर दगड आतून लाल होत होते.

"कॉफी घेऊ या," ती म्हणाली आणि मला बाहेर ओढलं.

"छान झालं," मी व्हरांड्यात कुजबुजलो. "लेखात एक ओळ घाल: भोवती दगड ठेवले. त्यांचा प्रयोग जमेल, तुझी नोकरी पक्की."

"आणि तिसरं पान? त्यात मी म्हटलंय की हे नुसत्या उष्णतेने होत नाही. रेआल, होतंय की उष्णतेनेच! लहरी पुडीला शिवतही नाहीत. त्या दगड तापवतात, दगड पूड भाजतात. मी मायक्रोवेव्हमध्ये भट्टी बांधली आणि मला कळलंसुद्धा नाही."

"ते पान राहू दे ना. थर्लोंचंही तेच मत आहे. त्यांच्याच तोंडावर त्यांचं मत खोडणार आहेस?"

"मग काय पाठीमागे खोडू?"

"हात दाखवून अवलक्षण! आईचा तरी विचार कर."

यावर ती मोज्यातल्या पायाने फरशी घासत राहिली. मला वाटलं, जिंकलो. मग ती म्हणाली, "आईला मी काय सांगू? तिच्या दगडांबद्दल खोटं बोलून नोकरी मिळवली?" आणि आत गेली.

मी मागोमाग गेलो. तिने थर्लोंच्या समोर कॉफी ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. लेखातलं स्पष्टीकरण चुकीचं आहे. लेख मी मागे घेते. पदार्थ होतो हे खरं, का होतो ते मला आज तुमच्यामुळे कळलं.

थर्लोंनी कप बाजूला सारला. "तुम्हाला कळतंय ना, मी इथे कशासाठी आलोय?"

"हो. पण मलाही एक विचारायचंय, डॉक्टर. तुमचे पदार्थ होतात. मग तुमची मूस कुठल्या रंगाची असते?"

थर्लोंनी मायक्रोवेव्हमधल्या दगडांकडे पाहिलं.

"काळी," थर्लो म्हणाले.

मग ते उठले आणि माझ्या खोलीतल्या फोनवरून आपल्या प्रयोगशाळेत सहकाऱ्याला फोन लावला. "काळी मूस मायक्रोवेव्हमध्ये ठेव. काही भरू नकोस. हो, रिकामी! ठेव आणि मला सांग." ते फोन कानाशी धरून उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाला इतका वेळ उभं बघणं मला जड जात होतं. खुर्ची सरकवली, ते बसले नाहीत. शेवटी पलीकडून काहीतरी आलं. त्यांनी फोन जपून खाली ठेवला.

"लाल झाली," ते म्हणाले.

म्हणजे त्यांचीही पूड मुशीनेच भाजली होती. त्यांची उमेदीची वर्षं, त्यांचे लेख, त्यांचा मान, सगळं त्या दोन शब्दांत गेलं. ते आल्यापासून मला त्यांचा जो राग आला होता तो त्या क्षणी संपला. लेंपी खिडकीशी उभी होती. तिला आनंद झाला नव्हता.

थर्लोंनी डीनची खोली विचारली. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. दार नीट लागलं नाही, त्यामुळे मला ऐकू आलं. "या बाईंना सोडलंत तर तुमच्यासारखे मूर्ख तुम्हीच," ते म्हणाले. नंतर लगेच, "आणि मी माझे लेख मागे घेतोय, ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळायच्या आधी सांगतो."

बाहेर आले तेव्हा लेंपी त्यांचा कोट घेऊन उभी होती. कोटात हात घालताना ते म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असतात तरी मी आज तुमच्या शिफारशीवर सही केली असती. आनंदाने केली असती."

"माहीत आहे," लेंपी म्हणाली. "पण मग तुम्ही मूस रिकामी कधी तापवली असती?"

थर्लोंनी तिचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.