गावपळणीत दुरुस्त झालेला कॉम्प्युटर

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगतो. मालवणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बिघडतं त्याला कारण असतं, असं मानूनच मी पोट भरतो. तरीही हे लिहितोय...

विंडोज एक्सपीचे दिवस होते. आचऱ्याच्या मामांचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण त्यातून आवाज येईना. मामी त्याच वर्षी गेली होती. मुंबईच्या लेकीसाठी तिने बांगड्याच्या तिखल्याची कृती माइकवर सांगून त्याच कॉम्प्युटरवर ठेवली होती. तिचा आवाज तेवढाच उरलेला.

"बाकी मशीन गेला तरी चलात," मामा म्हणाले. "तिचो आवाज जाऊक नये."

मी विंडोजच्या फाइली तपासायला लावल्या. अर्ध्यात मशीनने विंडोजची सीडी मागितली — आणि मी शहाणा ती दुकानात विसरून आलेलो!

"मामानु, उद्या आणतंय."

"उद्या खंय? नगारो वाजलो. ऊठ."

त्या दिवशी गावपळण होती. दर काही वर्षांनी नगारा वाजला की अख्खं आचरा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतं. त्या दिवसांत गाव भुतांचं, असं मानतात. माझ्या लेखी ती फुकटची सहल, म्हणून मीही मामांबरोबर निघालो. मशीन मी तसंच बंद केलं, मामांनी मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

चौथ्या दिवशी परतायला देवाचा कौल मिळाला आणि आम्ही परतलो. कुलूप जसंच्या तसं, मेन स्विच बंद. मी सीडी मागवून घेतली होती, ती काढली, मेन स्विच लावून मशीन सुरू केलं. विंडोज सुरू होतानाची धून ऐकू आली... सीडी अजून माझ्या हातातच होती.

मी मशीनच्या नोंदी उघडल्या. तपासणी पूर्ण, खराब फाइली बदलल्या — गावपळणीचा दुसरा दिवस, दुपारी बारा. घड्याळ चुकलं असेल म्हणून मोबाइलशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मग मामीची फाइल पाहिली. ती शेवटची उघडली होती त्याच दुपारी, बारा वाजून दहा मिनिटांनी.

  मामांना सांगितलं, तर ते शांतपणे खुर्चीत बसले. मी फाइल लावली; मामी तिखल्यात तिरफळं किती घालायची ते सांगत होती.

"तीन दिवस गाव आपलो नसता रे," ते म्हणाले. "तेंचो असता. ती आता तेंच्यातलीच ना?"

 पुढच्या गावपळणीला निघताना मामांनी मेन स्विच पाडला नाही. मीही मशीन बंद केलं नाही.