आठवड्याला दीड अंश

पवित्रानं घरी दारू गाळायला सुरुवात केली तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती आणि तोवर दारूचा थेंबही तिच्या जिभेला लागलेला नव्हता.

गाळणं मात्र तिला नवीन नव्हतं. राजाजीनगरातल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती चोवीस वर्षं असिस्टंट होती. पाणी उकळायचं, वाफ काचेच्या नळीतून न्यायची, नळीवर गार पाणी सोडायचं, थेंब धरायचे. दरवर्षी नवीन मुलं यायची, तेच तेच बिघडवायची आणि पवित्रा मागून जाऊन ज्योत बारीक करायची. घरी तिनं तेच केलं. काचेच्या जागी जुना पाच लिटरचा कुकर आला आणि शिटीच्या जागी तांब्याची नळी. कुकरमध्ये गूळ आणि यीस्ट घालून आठ दिवस आंबवलेलं पाणी.

फोनवर तिला एक ग्रुप सापडला होता, नवशिक्यांचा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यात होती. कोणी सफरचंदाची करत होतं, कोणी द्राक्षाची, आणि झाल्यावर खिडकीपाशी पेला ठेवून फोटो टाकत होतं. पवित्रानं पहिला प्रश्न विचारला तेव्हा एकानं मोठ्या प्रेमानं लिहिलं, ‘स्वागत! हा छंद माणसाला फार आनंद देतो. तुम्ही कशासाठी शिकताय?’ तिनं ‘आवड म्हणून’ असं लिहिलं.

खरं कारण हॉलमध्ये पलंगावर झोपलेलं होतं.

नागराज, तिचा नवरा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होता. हात इतका नेमका, की साहेब दुसऱ्या खात्यातून काम आणून द्यायचे. मग पिणं वाढलं, हात कापायला लागले आणि एका दिवाळीनंतर कारखान्यानं त्याला घरी बसवलं. एकदा त्यानं स्वतःहून दारू सोडली होती. देवासमोर नारळ फोडून. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये फिट येऊन पडला. दार फोडावं लागलं, कपाळाला सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, “एकदम बंद करायची नाही, अम्मा. जीव जाईल. हळूहळू कमी करायची, आणि ॲडमिट करून. लिव्हर आता फार दिवस ऐकणार नाही.” म्हणून तिनं आनेकलच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याला ठेवला. चौथ्या दिवशी तिथल्याच पायजम्यावर बस पकडून तो परत आला. वाटेत बार लागला होता.

हळूहळू कमी करायचं तिनं घरीही करून पाहिलं. पण विकतच्या बाटलीचं सील तो स्वतः फोडायचा, बाटली उशाशी घेऊन झोपायचा. पाणी घालायला फट नव्हती. आणि एका रविवारी प्रयोगशाळेचे कोट धुताना पवित्राच्या मनात आलं, घरी केलेल्या बाटलीला सील नसतं.

तिनं विचारलं तेव्हा नागराज उठून बसला. “तू करणार? देवाला दाखवल्याशिवाय कॉफी न पिणारी तू?”

“बाहेर काय घालतात कोणाला ठाऊक. प्यायचीच तर निदान चांगली प्या. पण मग बाहेर जायचं नाही. मी देईन तेवढीच, दिवसाला तीन पेले.”

“सरी, तसं तर तसं,” तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याकडे बघून हसला होता.

कायद्यानं हा गुन्हा होता, हे तिला माहीत होतं. पोलीस आले असते तर नोकरी गेली असती, नाव पेपरात आलं असतं. खालच्या मजल्यावरच्या मंजुनाथच्या बायकोला तिनं गुलाबपाणी काढते असं सांगितलं आणि कुकर लागला की खिडकीत ऊदबत्त्या लावल्या.

पहिल्या दिवशी नागराज स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसला. नळीतून थेंब यायला लागले तसा तो पुढं सरकला. पवित्रानं पहिली वाटीभर धरली आणि मोरीत ओतली.

“अगं ए! पहिल्या धारेची मोरीत ओततेस? माझा बाप असता तर तुला उंबऱ्याबाहेर काढली असती!”

“पहिली विषारी असते. नेलपॉलिशचा वास येतोय बघा.”

“पहिल्या धारेच्या नावावर अख्खं गाव नाचायचं, आणि ही म्हणते विषारी. कॉलेजात हेच शिकवता काय?”

पण नंतरच्या पेल्यातून घोट घेतल्यावर त्यानं जीभ टाळूला लावली. मग म्हणाला, “वा.” पहिला आठवडा तिनं त्याला बेचाळीस अंशांची दिली, विकत मिळते तेवढीच कडक. अंश मोजायची काचेची कांडी तिनं प्रयोगशाळेतून पदरात लपवून आणली होती. दुसऱ्या आठवड्यात साडेचाळीस. तिसऱ्यात एकोणचाळीस. आठवड्याला दीड अंश, त्यापेक्षा जास्त नाही. मूळची कडक, पासष्ट अंशांची, ती तांदळाच्या डब्यामागं बरणीत ठेवायची आणि तो आंघोळीला गेला की बाटलीत पाणी मिसळायची. कमी झालेली आग जिभेला कळू नये म्हणून आलं, मिरी, लवंग. जसे अंश उतरले तशी मिरी वाढली.

“दिवसेंदिवस कडक होत चाललीय तुझी,” ऑगस्टात नागराज म्हणाला. तेव्हा ती अठरा अंशांवर आली होती.

त्याचा हात कापायचा थांबला होता. आधी शर्टाची बटणं तो स्वतः लावायला लागला, मग दाढी स्वतः करायला लागला. एक दिवस पवित्रा कॉलेजातून आली तर बंद पडलेला टेबलफॅन फिरत होता आणि खाली वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीनं मांडलेले होते. मुलगी, संहिता, होसूरहून वर्षभरानं आली आणि बाळाला त्याच्या मांडीवर देऊन बाजूला उभी राहिली. अर्धा तास, हात पुढे करूनच. बाळ पडलं नाही.

“बघितलंस ना,” नागराज तिला म्हणाला. “चांगली दारू असली की माणसाला काही होत नाही. तुझ्या आईला विचार.”

पवित्रा मोरीपाशी तोंड फिरवून भांडी घासत राहिली. सप्टेंबरच्या शेवटी बारा अंश झाले. अजून आठ आठवडे. मग मिरीचं पाणी उरेल.

महालय अमावस्या दोन ऑक्टोबरला आली. सुट्टी. नागराजची मोठी बहीण तानूबाई, जिला सगळे तानक्का म्हणत, बनशंकरीहून मटण, वडे आणि विड्यांचं बंडल घेऊन सकाळीच आली. पक्षाच्या दिवशी त्यांच्याकडं वारलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढायची पद्धत होती. विठोजी मामंजींच्या फोटोपुढं केळीचं पान मांडायचं, सगळं वाढायचं, पेला भरून ठेवायचा आणि दार लोटून सगळ्यांनी बाहेर थांबायचं. थोड्या वेळानं दार वाजवून आत जायचं. मग तो पेला थोरल्या मुलानं प्रसाद म्हणून घ्यायचा.

दरवर्षी तानक्का सीलबंद बाटली आणायची. यंदा मोकळ्या हातांनी आली. “काल विसरले ग, आणि आज गांधी जयंती, सगळी दुकानं बंद. पण नागू म्हणतो आता घरचीच असते. बाबांना त्याहून काय हवं?”

पवित्राला हे आठवडाभर आधीच कळायला हवं होतं. ती स्वयंपाकघरात उभी राहिली. डब्यामागं पासष्टची बरणी होती. ती मामंजींना ठेवली असती तर पेला नागराजच्या पोटात जाणार होता. आणि एकदा खरी जिभेला लागली की त्याला आपल्या बाटलीत काय आहे ते कळायला एक घोट पुरला असता. तिनं रोजची बाटली उचलली. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि मामंजींचा पेला बारा अंशांनी भरला.

तानक्कानं पेला हातात घेऊन वास घेतला. “आल्याचा वास येतोय ग. काढा केलास काय?”

“मसाला घातलाय, अक्का. ह्यांना आवडतो.”

“बाबा चमचाभर घेऊन काडी लावायचे, आठवतं का रे नागू? निळी पेटली तरच हात लावायचे. सरकारी बाटलीला कोण बघतंय? पण ही घरची. बघायला नको?”

“बघ की,” नागराज ऐटीत म्हणाला. “पेटेल बघ कशी. भुवया सांभाळ.”

“अक्का, पान थंड होतंय,” पवित्रा म्हणाली. “नंतर बघू.”

पण तानक्कानं चमचा भरला होता. तिनं काडी ओढली, चमच्याला लावली. काडी चुर्र करून विझली. दुसरी ओढली. तीही विझली. तिसरी नागराजनं स्वतः ओढली आणि बोटाला चटका बसेपर्यंत धरून ठेवली.

“पाणी आहे हे,” तानक्का म्हणाली. “पवित्रा, माझ्या बापाच्या पानावर पाणी ठेवलंस? वर्षातून एक दिवस येतात ते.”

 नागराजनं पलंगाखालची आपल्या आजच्या वाट्याची बाटली काढली, त्यातला चमचा भरला, काडी लावली. तीही विझली. मग बाटली खाली ठेवली.

“किती?” त्यानं विचारलं.

“अहो, जेवण झाल्यावर सांगते सगळं.”

“किती घातलंस पाणी?”

“बारा अंश आहे. आधी बेचाळीस होती.” ती त्याच्यापुढं आली. “तुमचे हात बघा. बघा तरी. फॅन तुम्ही दुरुस्त केलात. बाळ घेतलंत. ते दारूनं नव्हे, दारू गेल्यामुळं. दोन महिने राहिले फक्त. मी पाया पडते तुमच्या.”

“मंजुनाथला सांगितलं मी,” नागराज हळू आवाजात म्हणाला. “अख्ख्या गल्लीला सांगितलं, माझी बायको माझ्यासाठी करते. आणि तू मला मिरीचं पाणी पाजत बसलीस. लहान पोराला फसवतात तसं.” मग त्यानं आवाज चढवला. “खरी कुठंय? असणारच. पाणी कशात घालतेस? आण ती. माझ्या बापाचं पान थांबलंय.”

“संपली.”

तो स्वयंपाकघरात गेला. डबे खाली पडल्याचे आवाज आले, तांदूळ सांडल्याचा आवाज आला. तो बरणी घेऊन बाहेर आला तेव्हा पाच महिन्यांनी त्याचा हात पुन्हा कापत होता.

चमचा निळा पेटला. तानक्कानं दोन्ही हात जोडले. नागराजनं मसाल्याची दारू कुंडीत ओतून पेला काठोकाठ भरला, पानापाशी ठेवला आणि तिघं दार लोटून बाहेर जिन्यात उभी राहिली. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. खालून मंजुनाथच्या टीव्हीचा आवाज येत होता.

“अक्का,” पवित्रा तानक्काच्या कानाशी लागून म्हणाली, “डॉक्टरांनी सांगितलंय, लिव्हर गेलंय ह्यांचं. हा पेला देऊ नका.”

“आज एक दिवस ग. बाबांचा प्रसाद आहे, बाधत नाही.”

“एक नाही राहणार. बरणीभर आहे.”

तानक्का गोंधळली. तिला भावाची काळजी नव्हती असं नाही. पण दाराआड तिचा बाप जेवायला बसला होता. तिनं दार वाजवलं.

आत गेल्याबरोबर पवित्रा दोघांच्या पुढं झाली. “थोरली सून आहे मी,” ती म्हणाली, “ह्या घरात माझाही प्रसाद आहे,” आणि पेला उचलून तिनं तोंडाला लावला. घशातून जाळ उतरला. डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं. तरी तिनं पेला खाली केला नाही. अर्धा संपला तेव्हा श्वास कोंडला, खोकल्याची उबळ आली, ती दाबून तिनं उरलेलाही गिळला. तिला वाटलं, आता हे ओरडतील, मारतील, काहीतरी होईल, आणि तेवढ्यात बरणी मोरीत ओतता येईल. पाच पावलांवर मोरी होती.

नागराज ओरडला नाही. तो हसला. “बघ अक्का. घोटभर पाण्यावर मला ठेवलं आणि स्वतः पेलाभर.”

पवित्रानं बरणीकडं हात केला. बरणी तिला वाटली होती तिथं नव्हती. तिनं दुसऱ्यांदा हात केला आणि मामंजींच्या पानावर पडली. वडे फरशीवर घरंगळले. तानक्कानं तिला काखेत धरून स्वयंपाकघरात आणली, सांडलेल्या तांदळातच बसवली, तोंडावर पाणी मारलं, लिंबू पिळलं.

“काय हे केलंस ग. सवय नसलेल्या बाईनं.”

पवित्राला सांगायचं होतं, मला सोडा, बाहेर जा, बरणी घ्या त्यांच्याकडून. शब्द तिच्या डोक्यात अगदी स्वच्छ होते. तोंडातून मात्र नुसता घोगरा आवाज निघाला.

“हं हं, बोलू नको. ओकारी येईल,” तानक्का म्हणाली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन थोपटू लागली. “स्वल्प पडून राहा. मी आहे इथं.”

पवित्रानं तानक्काच्या साडीचा काठ मुठीत धरला आणि दाराच्या दिशेनं ओढला. तानक्काला वाटलं तिला थंडी वाजतेय. तिनं पदर काढून तिच्या अंगावर घातला.

बाहेर पेला भरला. मग खाली ठेवला गेला. मग पुन्हा भरला. नागराजनं हाक मारली, “झेपली नाही काय ग तिला?” आणि तानक्का म्हणाली, “झोपतेय. तू जेवून घे, नागू.”

“जेवतो,” तो म्हणाला. “घाई काय आहे.”