भाचीची मॅटिनी

माझ्या भाचीला तिच्या स्वतःच्या चेहऱ्यानिशी पाहिल्याचं छातीठोकपणे सांगेल असं माणूस त्या काळी सबंध हॅम्पशायरमध्ये नव्हतं. ताईची ही एकुलती एक लेक साउथहॅम्प्टनला जन्मली, वाढली, आणि चालायला लागल्यापासून दुसऱ्यांसारखी चालायला लागली. बसमध्ये एखादी लंगडी म्हातारी दिसली की बया आपला स्टॉप सोडून तिच्या मागोमाग उतरायची आणि घरी लंगडतच यायची. ताई घाबरून विचारायची, "पायाला काय झालं गं?" तर अस्सल पोर्ट्समथी हेल काढून उत्तर यायचं, "ओह, इट्स मी हिप, लव्ह!" म्हणजे खुबा धरलाय. मराठीचं मात्र विचारू नका. त्या भाषेतली लिंगं तिनं कायमची ऐच्छिक ठरवून टाकली होती. मंडळाच्या गणपतीत तिला शोकाकुल राणीचं काम दिलं, तेव्हा राजाच्या पार्थिवावर कोसळत तिनं "महाराज, तुम्ही मला सोडून गेली!" असा हंबरडा फोडला. हॉल खदखदून हसला, आणि गेलेल्या महाराजांचं पोटही गदगदा हलू लागलं. दुसरी कुणी रडत विंगेत पळाली असती. हिनं महाराजांकडे टक लावून पाहिलं आणि ओरडली, "श्वास आहे! वैद्य बोलवा!" टाळ्या थांबेनात.

वैद्यावरूनच पुढे घर पेटलं. आमचे भाऊजी तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. मुलीनं मेडिसिन करायचं हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. मार्क मिळाले, प्रवेशही मिळाला, आणि हिनं ड्रामा स्कूलची वाट धरली. भाऊजी आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी फक्त बोलणं थांबवलं. फोन त्यांनी उचलला तर "आईला देतो" एवढंच. टीव्हीवर तिला पहिलं काम मिळालं ते दुकानातल्या मुलीचं, वाक्य एकच, "पिशवी हवी का?" त्यासाठी ही एका दुकानात खरोखर गल्ल्यावर जाऊन बसली. आम्ही रीडिंग गावातल्या आमच्या घरी शेजारीपाजारी गोळा करून ते पाहिलं आणि विश्वचषक जिंकल्यासारखे नाचलो. भाऊजी त्या वेळी बागेत गवत कापत होते म्हणे. मार्च महिन्यात, पावसात.

मग एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला. एका फिरत्या नाटकात ती मुख्य नटीची बदली म्हणून होती, आणि मुक्काम होता बेसिंगस्टोकला.

"मामा! लीडचा पाय मोडली!"

"मोडला," मी सवयीनं म्हणालो.

"हो, तोच! आज मॅटिनीला मी जाणार! ऑन! मामा, तू ये. आणि बाबांना… नाही, राहू दे."

राहू कसं देणार? मी ताईला फोन केला आणि गाडी काढली. थिएटरच्या दारात ताई उभी होती, आणि तिच्यामागे, ड्यूटीवरून तसेच तिला घेऊन आलेले भाऊजी. "मी फक्त ड्रायव्हर म्हणून आलोय," ते म्हणाले.

नाटकात तिचं काम एका खेड्यातल्या डॉक्टरीणबाईचं होतं. दुसऱ्या अंकात एका आईला तिचा मुलगा वाचणार नाही हे सांगायचं होतं. भाची आली, त्या बाईसमोर बसली, चष्मा काढला, नाकाचा शेंडा दोन बोटांनी दाबला, चष्मा परत घातला आणि मग अगदी हळू बोलली. माझ्या शेजारी भाऊजी खुर्चीत ताठ झाले.

"हे… असं मी करतो?" ते कुजबुजले.

"वाईट बातमी असली की," ताई म्हणाली. "घरीसुद्धा."

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी ती धावतच आली, अर्धा मेकअप तसाच. "कसा झाली?" मला मिठी मारून तिनं विचारलं, आणि खांद्यावरून वडील दिसताच मिठी सोडून सरळ उभी राहिली. भाऊजी एक पाऊल पुढे आले. "पेशंटच्या आईचा हात धरायला हवा होतास," ते म्हणाले. "मी धरतो."

"रात्रीच्या खेळाला धरते, बाबा."

ती आणखी काही बोलणार होती, पण आतून कुणीतरी तिचं नाव पुकारलं आणि ती वाक्य तिथंच टाकून पळाली. आम्ही तिघं त्या बंद दारासमोर उभे राहिलो. पुढे ती लंडनला गेली, पडद्यावर गेली, लोक तिला ओळखू लागले. पण आमच्या वाट्याला ती मग अशीच आली, दोन खेळांच्या मधल्या वेळेत.