खिम्यातला दुधी

माझ्या नवऱ्याचं ठाम मत होतं की भाजी बकऱ्यांनी खावी आणि बकऱ्या माणसांनी. आमची सहा-सात वर्षांची मुलगी अगदी बापाच्या वळणावर गेलेली. साठच्या दशकातल्या दुबईत भाजीची बोंब होती हे खरं, पण रासल खैमाच्या मळ्यांतला दुधी, गाजर, पालक बाजारात यायचा. मी तो हौसेने आणायची आणि तो तसाच ताटात उरायचा. मोठ्या जनावराचा खिमा मात्र दोघं बोटं चाटून खायची.

एका वर्षी मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, पालेभाजी, डाळ, कलेजी पोटात जाऊ द्या. नवऱ्याने यातून भलताच अर्थ काढला. जेवताना तिच्यासमोरच म्हणाला, "हिला इथली हवा मानवत नाही. बघू थोडे दिवस, नाहीतर बोटीने रत्नागिरीला नानीकडे पाठवू." तिच्याशिवाय त्या घरात मी एक दिवसही राहिले नसते.

दुसऱ्याच दिवशी मी दुधी किसायला घेतला.

अडचण एकच होती. आमच्याकडे जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर मधोमध एकच मोठं ताट असतं आणि सगळ्यांचे हात त्यातच. तिला वेगळी वाटी वाढली असती तर दोघांनाही संशय आला असता. म्हणजे लेकीला फसवायचं तर बापालाही फसवणं आलं. खरं सांगते, या विचाराने मला मुळीच वाईट वाटलं नाही.

दुधीचा कीस घट्ट पिळून खिम्यात, पिळलेलं पाणी तांदळाच्या भाकरीच्या उकडीत. गाजर लाल तळलेल्या कांद्यात जिरवायचं, मसूर घोटून रश्शात, कलेजी खिम्याबरोबरच कुटायची. पालक बारीक चिरून कोथिंबीर-पुदिन्यात बेमालूम मिसळायचा. सालं आणि देठं घरमालकिणीच्या बकरीपुढे टाकायची. ती अंगणातच बांधलेली असायची, पुरावा मिनिटात खलास.

नवरा खूश. खिमा हल्ली किती मऊ लागतो म्हणत त्याने बाजारात जाऊन कसायाचे आभारही मानले. कसायानेही ते बिनदिक्कत घेतले.

एकदा गाजराचा एक तंतू त्याच्या बोटाला चिकटून आला. "हे काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, केशर. त्याने तो जपून तोंडात टाकला. मुलीने मान एवढी खाली घातली की नाक ताटाला टेकलं. मला वाटलं, भूक लागली असेल.

थोड्या दिवसांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि छान म्हणाले. काय खायला देता, असं त्यांनी मला विचारलं, पण उत्तर नवऱ्याने दिलं: खिमा, फक्त खिमा. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडले आणि म्हणाले, मग तोच चालू ठेवा.

खाडी ओलांडायला आम्ही अब्र्यात, तिथल्या लाकडी होडीत, बसलो. नवरा होडीवाल्याला हिंदीत समजावत होता की पालेभाजी वगैरे सब बकवास है, औलाद गोश्त से बनती है. मी ओठ आवळून पाण्याकडे बघत होते. तेवढ्यात मुलगी शाळेतल्या इंग्रजीची खिचडी करत माझ्या कानाशी लागली.

"अम्मी, डोन्ट टेल अब्बा."

"काय?"

"दुधी. बकरी एव्हरी डे सालं खाते, अँड वी नेव्हर ईट दुधी. मग आतला दुधी जातो कुठे?" ती पुढे म्हणाली, "मला आवडत नाही. बट आय ईट. आय डोन्ट वॉन्ट टु गो टु नानी."

माझे डोळे भरून आले. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. काय चाललंय मायलेकींचं, म्हणून नवऱ्याने वळून विचारलं. मी म्हटलं, उद्या खिमा कर म्हणतेय. "शेवटी मुलगी कोणाची," तो होडीवाल्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बकरीला सालं घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. ती फ्रॉकच्या घोळात लपवून न्यायची, आणि अब्बा दारात उभे असले तर ते आत जाईपर्यंत माझ्यामागे गुपचूप बसून राहायची.